आहारशास्त्राची पदवी आणि आमच्या वहिनींचे ताट

स्मरणिका काढावयाची ठरले तेव्हा आपल्या मंडळाच्या चिटणीसबाई मजकडे आल्या व म्हणाल्या, "तुम्ही दर वर्षी डिंकाच्या नाही तर अळिवाच्या लाडवांची कृती देता. या खेपेस कृती नको. तुम्ही कॉलेजात जे शास्त्र शिकलात, ते कोठून आले, कोणी आणले, ते लिहा." कृती लिहिणे सोपे असते, वाटी-चमचा सांगितला की झाले. हे काम अवघड. परंतु चिटणीसबाईंचा शब्द मोडवेना, म्हणून आठवते तसे आणि वाचले आहे तसे लिहिते.

१९६६ च्या जून महिन्यात मी सांगलीहून मुंबईस मावशीकडे शिकावयास आले आणि गृहविज्ञानाच्या महाविद्यालयात नाव घातले. पुढे बी. एस्सी. होताना आहार व पोषण हा माझा मुख्य विषय होता. आमच्या घरात मुलीने कॉलेजात जाणे नवलाचे नव्हते. पण हा विषय ऐकून आजी हसली. "स्वैपाक शिकायला मुंबई कशाला? मी काय मेले आहे का?" हा तिचा प्रश्न. काकांनी तर येणाऱ्या-जाणाऱ्यास सांगावयास सुरुवात केली, "आमची पुतणी भाकरीची पदवी घेते आहे." मला तेव्हा राग येई, आणि खरे सांगावयाचे तर थोडी लाजही वाटे. कारण काय शिकावयाचे आहे ते मलाही ठाऊक नव्हते.

पहिल्या वर्षी चूल दिसलीच नाही. रसायन, पदार्थविज्ञान, शरीरशास्त्र! पुढे मुख्य विषय आला तेव्हाही भांडी काचेचीच. तुरीची डाळ तीव्र गंधकाम्लात उकळावयाची, तिच्यातील नायट्रोजन अमोनियाच्या रूपाने पकडावयाचा, मोजावयाचा आणि त्यास ६.२५ ने गुणले की प्रथिनांचा आकडा निघतो. नाचणी जाळून तिची राख करावयाची आणि त्या राखेतला चुना मोजावयाचा. आवळ्याच्या रसात ब्युरेटमधून निळा रंग थेंब थेंब सोडावयाचा; पडता क्षणी तो नाहीसा होतो, असे कितीतरी थेंब जातात आणि मग एका थेंबाला फिका गुलाबी रंग टिकून राहतो. तेथे थांबावयाचे. त्या एका थेंबावरून आवळ्यातले क जीवनसत्त्व कळते. माझ्या दोन नऊवारी साड्यांना आम्लाची भोके पडली तेव्हा आजीला प्रथम संशय आला की हा प्रकार स्वैपाकाचा नसावा.

मग या शास्त्राला 'गृहविज्ञान' असे घरगुती नाव का पडले? ही हकीगत अमेरिकेत सुरू होते. एलेन स्वॅलो रिचर्ड्स नावाच्या बाई १८७३ साली मॅसॅच्युसेट्सच्या प्रसिद्ध तंत्रविद्यालयातून रसायनशास्त्राच्या पदवीधर झाल्या. तेथे प्रवेश मिळालेल्या त्या पहिल्याच स्त्री. पाणी, दूध, मसाले, पीठ यांचे त्यांनी पृथक्करण केले. १८९३ साली शिकागोस जे मोठे प्रदर्शन भरले, त्यात त्यांनी एक स्वैपाकघर मांडले होते आणि कोणत्या जिनसेत किती पोषण आहे, ते जेवणाऱ्यास तेथे छापील पत्रकावर वाचावयास मिळे. पुढे १८९९ पासून लेक प्लॅसिड या गावी त्यांच्या पुढाकाराने परिषदा भरू लागल्या, आणि त्यांतून 'होम इकॉनॉमिक्स' हे नाव व हा शिक्षणक्रम पुढे आला. रसायनाच्या खात्यात स्त्रियांना नोकरी मिळणे दुर्घट. परंतु घराचे रसायन म्हटले की कोणी अडवीत नसे. पुढच्या दाराला कुलूप, म्हणून बाया मागच्या दाराने आत आल्या, असा मला या इतिहासाचा अर्थ लागतो. दार स्वैपाकघराचे असल्यामुळे आतले सगळेच स्वैपाकघर आहे, असे जगाला वाटत राहिले.

याच सुमारास तेथील ॲटवॉटर या शास्त्रज्ञाने अन्नातील उष्मांकांची कोष्टके केली. कुटुंबाला किती अन्न लागते हे काढण्यासाठी त्याने पुरुषाचा आकडा १ धरला आणि स्त्रीचा ०.८. हा ०.८ वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे तो आमच्या सांगलीच्या घरात येणार आहे.

१९१३ साली मॅक्‌कॉलम आणि मार्गरीट डेव्हिस यांनी अ जीवनसत्त्वाचा शोध जाहीर केला. मॅक्‌कॉलमचे नाव सर्वांच्या तोंडी आहे. उंदरांची ती सारी वसाहत सांभाळणाऱ्या डेव्हिसबाईंनी कित्येक वर्षे विनावेतन काम केले, हे मात्र आमच्या क्रमिक पुस्तकात नव्हते. बिनपगारी राबणे म्हटले की आपल्याला आश्चर्य वाटत नाही, असो.

आपल्याकडे हा विषय आला तो थोड्या निराळ्या वाटेने. जपानातील स्त्रियांच्या विद्यापीठाचे माहितीपत्रक अण्णासाहेब कर्व्यांच्या हाती आले आणि १९१६ साली त्यांनी हिंगण्यास महिला विद्यापीठ काढले, ही गोष्ट आपल्यापैकी बहुतेकींना माहीत आहे. मातृभाषेतून शिक्षण, आणि त्यात आरोग्यशास्त्र व गृहव्यवस्था यांना मान, असा त्यांचा आग्रह. 'गृहीतागमा' ही तेथली पदवी. अण्णासाहेबांवर त्या काळी टीका झाली की मुलींना वेगळे शिकवून तुम्ही त्यांना घरातच बांधता. टीका अगदी खोटी नव्हती असे मला वाटते. परंतु त्या वेगळ्या शिक्षणक्रमावाचून किती मुलींना कोणतेच शिक्षण मिळाले नसते, हेही पाहिले पाहिजे.

त्यानंतर १९२७ च्या जानेवारीत अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन पुण्यास भरले. बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई अध्यक्ष होत्या. मुलींचे शिक्षण कसे असावे हाच त्या अधिवेशनाचा विषय. त्या परिषदेच्या खटपटीतून १९३२ साली दिल्लीस लेडी आयर्विन कॉलेज निघाले, आणि स्वातंत्र्यानंतर ते दिल्ली विद्यापीठास जोडले गेले. १९५० च्या सुमारास बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात गृहविज्ञानाची स्वतंत्र विद्याशाखा सुरू झाली. तेथे कुलगुरूपदावर तेव्हा हंसाबेन मेहता होत्या. म्हणजे पुण्यात बी पडले, दिल्लीत रोप लागले आणि बडोद्यात झाड झाले, असे म्हणावयास हरकत नाही. मुंबईतील आमच्या पिढीच्या मुली त्याच झाडाच्या सावलीतल्या.

हे झाले शाळा-कॉलेजांचे. शास्त्राची खरी कहाणी मात्र परळ-लालबागच्या चाळींत घडत होती.

मुंबईच्या गिरणगावात गर्भार बायका फिक्या पडत, त्यांना सूज येई, धाप लागे, आणि कित्येकजणी बाळंतपणात दगावत. हा नेहमीचा पांडुरोग नव्हे, रक्तातल्या तांबड्या पेशी यात मोठ्या होतात पण संख्येने फार घटतात, हे डॉक्टरांस दिसत होते. कारण उमगत नव्हते. १९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई याचा छडा लावण्यासाठी मुंबईस आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत त्यांनी काम सुरू केले. जंतू शोधले, ते सापडले नाहीत. मग बाईंनी निरनिराळ्या थरांतील बायका काय खातात ते पाहिले. ज्यांच्या जेवणात दूध, फळे, भाजी जवळजवळ नाही, त्यांच्यातच दुखणे अधिक. त्या बायकांच्या जेवणासारखे जेवण त्यांनी उंदरांना घातले, पुढे माकडांवर प्रयोग केले. यीस्टपासून काढलेला 'मार्माइट' नावाचा काळा, खारट, स्वस्त लगदा दिला की प्राणी सुधारत. तोच बायकांना देऊन पाहिला आणि गुण आला! १९३१ साली बाईंनी हे प्रसिद्ध केले. त्या लगद्यात काय आहे हे कोणालाच सांगता येईना, म्हणून त्यास 'विल्स घटक' म्हणू लागले. १९४१ साली पालकाच्या पानांतून तो पदार्थ वेगळा काढला गेला आणि त्याचे नाव फोलिक आम्ल पडले. आज सुनेला दिवस राहिले की डॉक्टर पहिल्याच भेटीत जी गोळी लिहून देतात, ती ही. तिची पहिली परीक्षा आपल्या मुंबईच्या कामकरणींच्या रक्तावर झाली. लूसीबाईंचे नाव पुस्तकांत राहिले. ज्यांनी बोट पुढे केले त्या बायांची नावे कोठेच नाहीत.

लूसीबाईंनी काही काळ निलगिरीत कुन्नूर येथेही काम केले. तेथे मॅक्‌कॅरिसन या लष्करी डॉक्टराने १९१८ साली एका खोलीत आहारसंशोधन सुरू केले होते. त्याने उंदरांना हिंदुस्थानातील निरनिराळ्या प्रांतांची जेवणे खाऊ घातली. शिखाच्या जेवणावरचा उंदीर सर्वांत धष्टपुष्ट, पठाणाचा दुसरा, मराठ्याचा तिसरा आणि पॉलिश केलेला भात खाणाऱ्या मद्रासी जेवणाचा शेवटचा. हे आम्हांस वर्गात सांगितले तेव्हा मराठी मुलींना कोण आनंद झाला! आमच्या प्राध्यापिका तमिळ होत्या, त्या शांतपणे म्हणाल्या, "त्या उंदरांना दोन वेळ पोटभर मिळत होते, एवढे लक्षात ठेवा." कुन्नूरच्या प्रयोगशाळेने १९३७ साली 'हेल्थ बुलेटिन नंबर २३' या नावाने भारतीय अन्नपदार्थांची कोष्टके छापली. त्याच कोष्टकांच्या पुढच्या आवृत्त्या आमचे बायबल होत. ती संस्था पुढे हैदराबादेस गेली आणि १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते.

याच कुन्नूरला काही वर्षे आपल्या कमलाबाई सोहोनी होत्या. त्या माहेरच्या भागवत, म्हणजे दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी. १९३३ साली मुंबईची बी. एस्सी. उत्तम रीतीने होऊन त्या बंगलोरच्या विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा संचालक सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून त्यांस नाकारले. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर एक वर्ष अटीवर ठेवून घेतले. काम पसंत पडले तरच प्रवेश कायम. दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर त्यांनी काम केले, पुढे केंब्रिजला जाऊन १९३९ साली पीएच. डी. मिळविली. दिल्ली, कुन्नूर करीत १९४७ नंतर त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत आल्या. तेथे त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी दाखविले की कच्च्या कडधान्यांत प्रथिने पचू न देणारे एक द्रव्य असते. वालावरही त्यांचे काम आहे. नीट शिजविले की या द्रव्याचा जोर जातो. वाल भिजवून, मोड आणून, सोलून, मऊ शिजवून बिरडे करणारी आपली पणजी पीएच. डी. नव्हती, पण ती चुकतही नव्हती. आदिवासी मुले आणि गर्भार स्त्रिया यांच्या आहारात नीरा घातली तर प्रकृतीस उतार पडतो, हेही कमलाबाईंनी दाखविले. अशा बाईंना बंगलोरच्या दारात वर्षभर उमेदवारी करावी लागली, ही गोष्ट मला आमच्या महाविद्यालयात कोणी सांगितली नाही. पदवी हाती पडल्यावर कित्येक वर्षांनी ती मी वाचली. आधी कळती तर काकांना उत्तर देता आले असते.

आता आमच्या घराकडे येते.

१९६८ च्या दिवाळीच्या सुटीत आम्हां विद्यार्थिनींना काम दिले होते की आपल्या घरची आहार-पाहणी करून आणावी. पद्धत अशी की, शिजवण्यापूर्वी प्रत्येक जिन्नस कच्चा तोलावयाचा, सात दिवस, कोष्टकावरून उष्मांक, प्रथिने, लोह, चुना काढावयाचे, आणि त्यास घरातील 'युनिटां'नी भागावयाचे. बसून काम करणारा पुरुष म्हणजे १ युनिट, तशीच स्त्री म्हणजे ०.८, मुलांचे वयाप्रमाणे कमी. आमच्या घरी वडील, काका आणि दादा असे तीन पुरुष. आजी, आई, काकू आणि वहिनी अशा चार स्त्रिया. काकांची दोन मुले आणि मी. माणसे दहा, युनिटे भरली ८.६. किराणा दुकानदाराकडून मी तागडी मागून आणली आणि पहाटे उठून जोंधळ्याचे पीठ, तांदूळ, डाळ, शेंगदाणे, गूळ, तेल असे सारे तोलू लागले. आजी म्हणे, "अन्न असं तोलू नये, बरकत जाते." मी ऐकले नाही. सातव्या दिवशी हिशेब मांडला. दर युनिटास २,४५० उष्मांक. कोष्टकाला हवे होते २,४००. प्रथिने भरपूर, लोह पुरेसे! त्या रेशनच्या आणि तांबड्या मिलोच्या दिवसांत असे घर सापडणे भाग्याचे. मी वहीत शेवटी लिहिले, 'हे कुटुंब सुपोषित आहे', आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

वहिनींना तेव्हा चौथा महिना होता. त्या बावीस वर्षांच्या. जिना चढताना मध्ये थांबत. पायांवर सूज दिसे. आई म्हणे, पहिलटकरणीला असे होतेच. मी पोषणशास्त्राची विद्यार्थिनी त्याच घरात तागडी घेऊन बसले होते आणि मला काही दिसले नाही.

वहीला चांगले गुण मिळाले. फक्त त्याच तमिळ प्राध्यापिकेने समासात पेन्सिलीने एक प्रश्न लिहिला होता : 'कोणी खाल्ले?' मला त्याचा बोध झाला नाही. वाटले, बाईंचे इंग्रजी तुटक आहे.

मार्चमध्ये दादाचे पत्र आले. वहिनी दिवसांआधीच बाळंत झाल्या होत्या आणि फार रक्त गेले होते. तपासले तेव्हा अंगात रक्त ६.८ ग्रॅम, निरोगी बाईला १२ तरी हवे. रक्ताच्या दोन बाटल्या चढविल्या, त्यांतली एक दादाची. मुलगी सव्वाचार पौंडांची. दोघी वाचल्या, एवढे पत्रात अखेरीस होते. मी ते पत्र घेऊन प्राध्यापिकांकडे गेले. त्यांनी वही मागवून घेतली, तो समास उघडून मजपुढे ठेवला आणि एक अक्षर बोलल्या नाहीत.

मे महिन्यात घरी गेल्यावर मी पुन्हा तागडी आणली. या वेळी पीठ तोलले नाही, ताटे तोलली. पहिली पंगत पुरुषांची आणि मुलांची. दुसरी आजीची. मग आई आणि काकू. वहिनी वाढत, आणि सर्वांत शेवटी पातेल्यांतले जे उरेल ते घेऊन बसत. भात बहुधा संपलेला असे. आमटीचे पाणी उरे, डाळ वरच्यावर गेलेली. भाजी एक दिवसाआड. दूध दादाच्या चहात आणि मुलांच्या पेल्यात. पाव-सव्वापाव भाकरी, चटणी, ताकाचे पाणी. बाळंतिणीचा म्हणून जो खास आहार तो बारावे होईपर्यंत चालला, पुढे बंद पडला होता. चार दिवसांची सरासरी काढली : सुमारे १,४०० उष्मांक. त्या काळच्या कोष्टकात अशा स्त्रीला १,९००, आणि अंगावर पाजते म्हणून आणखी ७०० सांगितले होते. म्हणजे लागणाऱ्या अन्नाच्या जवळजवळ निम्मे.

वहिनींचा कोणी दुस्वास करीत नव्हते, हे मला येथे स्पष्ट लिहिले पाहिजे. माझी आई प्रेमळ होती. तिने स्वतः सासुरवाशीण म्हणून असेच काढले होते आणि जे वाट्याला आले तेच ती देत होती. चूक माझ्या हिशेबात होती. पातेल्यात किती पडले ते मी मोजले आणि भागाकार करून वहिनींच्या नावे ०.८ लिहून मोकळी झाले. तो ०.८ भाग त्यांच्या ताटात पोचला की नाही हे पाहण्याचे कलम त्या पद्धतीत नव्हते. ॲटवॉटरला दोष देण्यात अर्थ नाही. त्याने गरज किती ते सांगितले होते. ती गरज भागली असे आम्ही धरून चाललो. पुढे १९७२ साली राष्ट्रीय पोषण संनियंत्रण यंत्रणा स्थापन झाली. तिच्या पाहण्यांत घरातले अन्न तोलण्याबरोबर माणसागणिक "काल दिवसभरात काय खाल्ले" हेही विचारीत. वाचून मला बरे वाटले, आणि वाईटही.

आईला मी आकडे दाखविले. तिला लिहिणे-वाचणे येत होते, पण उष्मांक तिला कळले नसते, म्हणून भाकऱ्यांत सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिने भाकरी करतानाच दोन भाकऱ्या, वाटीभर डाळ आणि पेलाभर दूध वेगळे काढून फडताळात ठेवावयास सुरुवात केली. पंगतीचा क्रम बदलला नाही. आजी असेतो तो बदललाही नाही. पण फडताळ आले. डॉक्टरांनी लोहाच्या आणि फोलिक आम्लाच्या गोळ्या दिल्या होत्या, त्याही मी डब्यावर तारखा लिहून वहिनींना घ्यावयास लावल्या. १९७० साली सरकारने गर्भार स्त्रियांसाठी अशा गोळ्यांची देशव्यापी योजना सुरू केली, तेव्हा आमच्या घरात त्याचे नवल राहिले नव्हते.

मी पदवीधर झाले १९७१ त. एका मोठ्या रुग्णालयात आहारतज्ज्ञाच्या जागेसाठी मुलाखतीस गेले. मधुमेह्याचा आहार, मूत्रपिंडाच्या रोग्याची प्रथिने, सारे पाठ करून गेले होते. समोरच्या गृहस्थांनी विचारले, "बटाटेवडे बरे करता का?" मी म्हटले, "करते. परंतु रोग्यांना देणार नाही." ती जागा मला मिळाली नाही. त्यानंतर काही वर्षांनी, १९७५ त, बालविकासाची आणि अंगणवाड्यांची योजना आली आणि माझ्यासारख्या कित्येकींना काम मिळाले. मला ते मिळाले आणि मी निवृत्तीपर्यंत केले. त्याविषयी मंडळात अनेकदा बोलले आहे, येथे पुन्हा सांगत नाही.

एक कबुली मात्र दिली पाहिजे. आम्ही जे शिकलो त्यातले पुष्कळ पुढे खोडले गेले. आमच्या वेळी 'प्रथिनांची तूट' हा मोठा मंत्र होता. जगावर प्रथिनांचे संकट येत आहे असे संयुक्त राष्ट्रांच्या १९६८ च्या अहवालात होते. शेंगदाण्याच्या पेंडीची पिठे, बिस्किटे, यांवर आम्ही परीक्षेत पानेच्या पाने लिहिली. मग सत्तरच्या दशकात हैदराबादचे डॉ. गोपालन, आणि आपल्या सातारा जिल्ह्यातले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे यांच्यासारख्यांनी आकडे मांडून दाखविले की बहुतेक मुलांना मुळात पोटभर अन्नच मिळत नाही. भाकरी-डाळ पुरेशी मिळाली तर प्रथिने त्यातून बहुतांशी भागतात. नुसती प्रथिने देऊन उपाशी मुलाचे शरीर ती सरपणासारखी जाळून टाकते. मी ज्या विषयात पहिली आले होते तो प्रश्नच चुकीचा ठरला. पदवीचे काय करावे, असे तेव्हा क्षणभर वाटले. पण तोलावयाची सवय आणि 'कोणी खाल्ले?' हा प्रश्न, एवढे दोन जिन्नस टिकले.

आज आपल्या गावातल्या मुलीदेखील हा विषय घेऊन पदवीधर होतात, आणि २०२१ च्या कायद्याने आहारतज्ज्ञांची गणना आरोग्य-व्यावसायिकांत झाली आहे. कोष्टकेही नवी आहेत. २०१७ साली राष्ट्रीय पोषण संस्थेने ५२८ अन्नपदार्थांची छापली. इकडे २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातील पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या स्त्रियांत शंभरांतल्या सत्तावन्न पांडुरोगी निघाल्या. लूसीबाई परळात आल्या त्याला तेव्हा नव्वदांवर वर्षे झाली होती.

त्या सव्वाचार पौंडांच्या मुलीची मुलगी सध्या पुण्यात पोषणशास्त्र शिकते. गेल्या दिवाळीत तिला दाखविण्यासाठी मी जुनी वही काढली. वहिनीही शेजारी बसल्या होत्या. त्या आता ऐंशीच्या घरात आहेत. नातीने उष्मांकांची बेरीज संगणकावर पुन्हा करून पाहिली. माझी बेरीज बरोबर होती. वहिनींनी चष्मा लावून मे महिन्याचे पान पुढे ओढले.

"यात माझं किती निघालं होतं, वन्सं?"

"चौदाशे."

"एवढंही नसेल हो," वहिनी म्हणाल्या, "तुम्ही तागडी घेऊन समोर बसत होतात ना, म्हणून ते चार दिवस मी दोन घास जास्तच खाल्ले होते."